पाऊस उघडल्यावरही पन्हाळ्याचा उतार का खचतो?

प्रश्न
जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्याला जाणारा मुख्य रस्ता खचला, हे अनेकांना आठवत असेल. गेल्या वर्षी पाऊस उघडून दोन दिवस झाले होते, तरी तटाखाली जांभ्याच्या बुडातून पाणी ठिबकताना मी पाहिले. पाऊस थांबल्यावरही धोका उरतो का? आणि तटाचे सांधे सिमेंटने भरून घेतले, तर पाणी मुरायचे थांबेल का?

प्रतिसाद १
धोका उरतो. गडाचा माथा जांभ्याचा आणि त्याखाली बेसॉल्ट आहे. सच्छिद्र जांभ्यात पाणी सहज मुरते, परंतु खालच्या चिकणमातीपाशी अडते आणि आडवे सरकत उतारावर पाझरते. या प्रवासाला वेळ लागतो, म्हणून आतली पातळी पाऊस ओसरल्यानंतरही चढत राहू शकते. ‘पाण्याने माती निसरडी होते’ हे स्पष्टीकरण अपुरे आहे. कण एकमेकांवर दाबलेले असतात, म्हणून घर्षण असते. मधल्या पोकळ्यांतील पाण्याचा दाब वाढला की तो भार पाणीच उचलते आणि घर्षण घटते. दिवाळीतला मुलांचा किल्ला आठवा: मातीत बेताची ओल असेल तर उभा कडाही टिकतो, पण तांब्याभर पाणी जास्त झाले की बसतो.

प्रतिसाद २
सिमेंटबाबत सावध राहावे, असे माझे मत आहे. तटामागची भर वरून भिजतच राहते. सांधे बुजवले की तिचा निचरा तुंबतो आणि पाण्याचा सारा रेटा भिंतीवर येतो. चुन्याने भरलेले सांधे पाण्याला थोडी वाट देतात. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक, त्यामुळे दुरुस्तीची घाई होणार, हे उघड आहे. (पर्यटकांसाठीची चकचकीत फरसबंदीही आलीच, तिचे पाणी नेमके कुठे सोडणार?) शिवाय हा वस्तीचा गड असल्याने शोषखड्ड्यांचे पाणी बारमाही मुरते, ते वेगळेच. माथ्यावरचे पाणी कड्यापासून दूर, पक्क्या गटारातून उतरवणे हे पहिले काम.

प्रतिसाद ३
प्रश्नकर्त्यांना एक विनंती: पुन्हा जाल तेव्हा तो पाझर बाटलीत धरून पाहा. पाणी निवळ असेल, तर निदान निचरा चालू आहे. गढूळ असेल, तर आतली माती धुऊन येत असण्याची शक्यता आहे. तसे दिसल्यास, किंवा वरच्या कडेला तटाला समांतर नवी भेग आढळल्यास, तिथे न थांबता पालिकेला तत्काळ कळवावे.