बायकोच्या फराळाच्या धंद्यासाठी 'विमेन ऑफ कलर' ग्रँट मागावी का?

चकलीचा_नवरा:
मंडळी, नमस्कार. आम्ही अटलांटाजवळ अल्फारेटाला राहतो. बायको तीन वर्षं दिवाळीचा फराळ करून विकतेय. गेल्या दिवाळीत गॅरेजात डबे, सोफ्यावर डबे आणि मी जमिनीवर. आता तिला तासाच्या भाड्याचं स्वयंपाकघर सोडून स्वतःचं लायसनवालं किचन हवंय. चकलीचं मशीन, मोठा फ्रायर आणि जागेचं डिपॉझिट धरून ३५ हजार डॉलरचा अंदाज आहे. बँकेतल्या माणसाने टॅक्सचे कागद बघितले आणि गोड हसून नाही म्हणाला.
कुणीतरी सांगितलं की इथली फाउंडेशनं गोरेतर उद्योजकांना, त्यातही बायकांना, ग्रँट देतात, परत करायची नाही. एक अर्ज अर्धा भरलाय. बायको म्हणते, "हे पैसे आपल्यासाठी नाहीत, मला लाज वाटते." मी म्हणतो, आपण तरी कुठे गोरे आहोत? कोण बरोबर?

निनाद_एडिसन:
बिनधास्त भरा. १९८२ सालीच आपल्या लोकांनी मागे लागून एसबीएच्या (लघुउद्योगांच्या सरकारी खात्याच्या) मायनॉरिटी यादीत भारतीयांचं नाव घालून घेतलंय. लाज कसली त्यात?

करवीरची_मुक्ता:
निनाद, ती यादी सरकारी कंत्राटांची. आणि 'अमुक वंशाचा म्हणजे वंचितच' हे तिच्यातलं गृहीतक २०२३ मध्ये टेनेसीच्या फेडरल कोर्टाने काढून टाकलं. त्यानंतर आपल्यावर स्वतःवर काय गुदरलं ते लिहून द्यावं लागायला लागलं. चकलीवाल्या वहिनी काय लिहिणार, सोफा गेला?

मी नऊ वर्षं इथल्या एका सीडीएफआयमध्ये कर्जाच्या फायली बघते. सीडीएफआय म्हणजे आपल्या पतसंस्थेची लांबची बहीण. बँक ज्याला दारातून परत पाठवते त्याला आम्ही खुर्ची देतो. तर दादा, वहिनींचं बरोबर आहे, पण थोडं वेगळ्या कारणाने.

आधी ग्रँटचं. आमच्याच अटलांटात फिअरलेस फंड आहे, काळ्या बायकांनी गोरेतर बायकांसाठी काढलेला. त्यांची फक्त काळ्या बायकांसाठी २० हजार डॉलरची ग्रँट स्पर्धा होती. ऑगस्ट २०२३ मध्ये वंशावर आधारलेल्या सवलतींविरुद्ध खटले लढणाऱ्या एडवर्ड ब्लम यांच्या संस्थेने दावा ठोकला, जून २०२४ मध्ये अपील कोर्टाने दोनास एक मतांनी स्पर्धा थांबवली आणि सप्टेंबरात तडजोड होऊन ती बंदच झाली. कायदा कुठला लावला माहितीय? १८६६ चा. गुलामीतून सुटलेल्या माणसांना गोऱ्यांसारखेच करार करता यावेत म्हणून केलेला! देणगी म्हणजे आमचं मतप्रदर्शन, असं फंडाचं म्हणणं होतं. कोर्ट म्हणालं, तुम्ही नियम घालून पैसे देता, हा करार झाला. तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी अर्जातली भाषा बदललीय. तुमचा फॉर्म यंदाचाच आहे ना, तेवढं बघा.

आता खरं सांगते. मला या ग्रँट स्पर्धा पहिल्यापासून आवडत नाहीत. एका फाउंडेशनने (नाव नको) आमच्या एका बाईला १० हजार दिले आणि वर्षभर इतके रिपोर्ट मागवले की ती म्हणाली, "मला आता दुकान चालवायला माणूस ठेवावा लागेल."

पैसा दुसऱ्या वाटेने जास्त कामाचा होतो. इथल्या खासगी फाउंडेशनला दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के वाटावेच लागतात. बाकीचे बाजारात गुंतवून ठेवतात. पण ते ५ टक्के दानच करायला हवेत असं नाही, सत्कार्यासाठी स्वस्त कर्ज दिलं तरी ते त्यात धरतात. फोर्ड फाउंडेशनने १९६८ मध्ये हे सुरू केलं आणि पुढच्याच वर्षीच्या कर कायद्यात त्याला जागा मिळाली. आमच्याकडे असे पैसे एक-दोन टक्क्यांनी येतात, तेच आम्ही पुढे फिरवतो. आणि देणगी आली तर ती बुडीतासाठी बाजूला ठेवायची. शंभरातले दहा बुडतील असं धरलं, तर १ लाखाच्या देणगीच्या जोरावर १० लाख वाटता येतात. तेच १ लाख वीस-वीस हजारांनी वाटले की पाच जणींचे मोठ्ठ्या चेकसोबत फोटो निघतात.

मागे एक बाई आली, वेण्या घालायचं दुकान असलेली. सोबत शाळकरी वही. रोजची जमा निळ्या शाईत, भाडं लाल शाईत, चार वर्षांत भाडं एकदाही चुकलेलं नाही. बँकेने तारण म्हणून घर मागितलं होतं. घर कुठलं! तिच्या आजीचा मोहल्ला १९३० च्या दशकातल्या सरकारी नकाशावर लाल रंगवलेला, म्हणजे तिथे घरकर्ज मिळायची मारामार. आजीचं घर नाही, म्हणून नातीला तारण नाही. मी ती वही फायलीला जोडली. वरच्या साहेबांनी विचारलं, हे काय? म्हटलं, हीच क्रेडिट हिस्टरी.
दादा, अल्फारेटाच्या तुमच्या घरावर इक्विटी, म्हणजे कर्ज वजा जाता तुमचा हिस्सा, असेलच. वहिनींना लाज वाटतेय ती बहुतेक याचीच.

निनाद_एडिसन:
पण मग काळ्या लोकांनाही ग्रँट नको, कर्जच घ्या म्हणताय का? हे जरा कठोर नाही झालं?

करवीरची_मुक्ता:
नाही हो. ज्याच्याकडे सुरुवातीचे चार पैसेसुद्धा नाहीत त्याला फुकटचेच हवेत. पण नुसते पैसे देऊन हात झटकू नयेत. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेंना भांडवल दिलं, कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल निघालं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? कोणी येईना. मग महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घ्यायला लागले, सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजायला लागले. पुढे सोड्याचं मशीनही घेऊन दिलं. भांडवल एकदाच दिलं, गिऱ्हाईक मात्र रोज आणलं. इथल्या फाउंडेशनांच्या जेवणावळी बघा, केटरर कोण असतो ते!

निनाद_एडिसन:
कोल्हापूरकरांना कुठल्याही धाग्यात महाराज आठवतात :)

करवीरची_मुक्ता:
आठवणारच.
दादा, कामाचं: किवा नावाच्या, लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवून कर्ज देणाऱ्या वेबसाइटवर अमेरिकेत १५ हजार डॉलरपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळतं, पण आधी आपल्या ओळखीतल्यांनी पंचवीस-पंचवीस डॉलर घालून विश्वास दाखवावा लागतो. ते करा. उरलेल्यासाठी घरावरची क्रेडिट लाइन किंवा तुमच्या भागातली सीडीएफआय. फ्रायर जुना घ्या, बंद पडलेल्या रेस्टॉरंटांचे निम्म्या भावात मिळतात. वहिनींकडे हिशोबाची वही आहे का?

चकलीचा_नवरा:
आहे. कालनिर्णयच्या मागच्या पानांवर. बायकोला सगळं वाचून दाखवलं. अर्ज पुसला. ती विचारतेय की किवासाठी मंडळातल्या लोकांकडे पंचवीस डॉलर मागितले तर ते चकल्या फुकट मागतील का?

करवीरची_मुक्ता:
मागतील. देऊ नका. माझे पंचवीस धरा, आणि चकलीची दोन पाकिटं, विकत. भाजणीची हं, मैद्याची नको.