रोल-प्लेइंग गेममधला 'रोल': भूमिका घेणं की भूमिका वठवणं?

प्रश्न: आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, ज्यात आपण एखादं पात्र होऊन खेळतो, ह्याला मराठीत काय म्हणायचं? 'भूमिकाप्रधान खेळ' लिहून बघितलं पण अगदीच जीआरमधलं वाटतंय. आणि आमच्या ग्रुपमध्ये कायम वाद असतो, वेस्टर्न आरपीजीची स्टोरी भारी की जपानी. एक जण म्हणतो फायनल फँटसी ह्या जपानी गेममालिकेत स्टोरीमधलं काही आपल्याला ठरवताच येत नाही, मग तो रोल-प्ले कसला? शब्दाच्या अर्थाने त्याचं बरोबर आहे का?

प्रतिसाद: 'भूमिका' बरोबरच आहे, फक्त ते 'प्रधान' काढा. हा शब्द तुमच्या वादातही कामाला येईल, कारण मराठीत क्रियापद बदललं की त्याचा अर्थच बदलतो. पक्षाने भूमिका घेतली, आधी तुमची भूमिका स्पष्ट करा, इथे भूमिका म्हणजे माणूस कुठल्या बाजूला उभा आहे ते. नाटकात भूमिका वठवली म्हणतो तेव्हा वाक्यं दुसऱ्याने लिहिलेली असतात आणि नट त्यात जीव ओततो.

वेस्टर्न आरपीजी बहुतेक भूमिका घ्यायचे गेम आहेत. त्यांचं मूळ १९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या खेळात, टेबलाभोवती बसून खेळायचं आणि कुणी "मी त्या दारातून जातच नाही" म्हणालं की गोष्ट सांगणाऱ्याला तिथल्या तिथे पुढचं रचावं लागायचं. कॉम्प्युटरला ते जमत नव्हतं म्हणून लेखक वाटा आधीच लिहून ठेवायला लागले. द विचर ३ (२०१५) ह्या गेममधला ब्लडी बॅरन घ्या. दारू पिऊन बायकोला मारणारा माणूस, तिचा गर्भ पडलाय, ते मूल नाव न ठेवता पुरलंय आणि आता त्याचं पिशाच्च झालंय. तुम्ही ते मारू शकता, किंवा बॅरनलाच ते हातात घेऊन चालायला लावून उंबऱ्याखाली नाव ठेवून पुरायला लावू शकता. पुढे एका टेकडीतल्या आत्म्याला सोडलं तर दलदलीतली पोरं वाचतात पण बॅरनची बायको मरते आणि तो गळफास घेतो, मारलं तर ती जगते पण भ्रमिष्ट होऊन आणि पोरं जातात. ह्यातलं काहीही निवडा, निस्तरायचं आपल्यालाच असतं आणि स्टोरीची ताकद तिथेच आहे.

आता फायनल फँटसी १० (२००१). युना नावाची मुलगी 'सिन' नावाच्या राक्षसाला संपवायला यात्रेला निघालीय, टीडस, म्हणजे आपण खेळतो ते पात्र, तिच्यासोबत आहे आणि सगळं झाल्यावर काय काय मजा करू ते तिला सांगत असतो. बरोबरचे सगळे गप्प बसतात. यात्रेच्या शेवटी ती मरणार हे त्या सगळ्यांना माहीत असतं, फक्त त्याला माहीत नसतं आणि त्याच्यासोबत आपल्यालाही नसतं. कळतं तेव्हा आधीचा प्रत्येक हसण्याचा प्रसंग डोळ्यापुढे येतो आणि पोटात खड्डा पडतो. मधे कुठे "यात्रा सोडून दे" असा पर्याय दिला असता तर हे सगळं कोसळलं असतं. म्हणून तुमच्या मित्राचं अर्धंच बरोबर आहे, ह्यात भूमिका घ्यायला मिळत नाही पण वठवायला मिळते आणि मला विचाराल तर एका माणसाचं दुःख सांगायला दुसरी पद्धत जास्त खोल जाते.

प्रतिसाद: पण विचरचा हिरो गेराल्ट तरी कुठे आपण बनवलेला, तो पोलिश कादंबऱ्यांतून आयता आलाय. मग ते वठवणंच झालं की! आणि 'सोंग' का नको, भारुडात सोंग घेतात, बहुरूपी सोंग आणतो.

प्रतिसाद: सोंग मलाही आवडतो पण आज रोजच्या बोलण्यात "सोंगं करू नकोस" म्हणजे ढोंग करू नकोस, गेम खेळणारा ढोंग करत नसतो. गेराल्टचं म्हणाल तर एकदम मान्य, तिथे पात्र आयतं आणि निर्णय आपले, दोन्ही अर्थ एकाच गेममध्ये. म्हणूनच घेणं आणि वठवणं ही जोडी गेमला लावा, देशाला नको. १९८६ चा ड्रॅगन क्वेस्ट हा जपानी गेम युजी होरींनी विझर्ड्री आणि अल्टिमा हे अमेरिकन गेम बघूनच बनवला होता. त्यात सोडवलेली राजकन्या विचारते मला नेशील ना, 'नाही' म्हणा, ती पुन्हा तेच विचारते, हो म्हणेपर्यंत सोडत नाही. पण शेवटी खलनायक ड्रॅगनलॉर्ड अर्धं जग देऊ करतो तेव्हा 'हो' म्हटलं तर खरंच गेम संपतो, म्हणजे पहिल्याच ड्रॅगन क्वेस्टमध्ये खोटा पर्याय पण आहे आणि खरा पण.

अजून एक, लेखात 'जेआरपीजी' (जपानी आरपीजीचं लघुरूप) लिहिणार असाल तर जपून. फायनल फँटसी १६ चे प्रोड्युसर नाओकी योशिदा २०२३ मध्ये म्हणाले होते की हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो भेदभावाचा वाटला, आम्ही आरपीजी बनवत होतो आणि बाहेरच्यांनी आम्हाला वेगळ्या कप्प्यात टाकलं. आज बरेच जण तो प्रेमाने वापरतात, २०२५ च्या क्लेअर ऑब्स्क्युर ह्या गेमला तर लोक सर्रास जेआरपीजी म्हणतात आणि तो बनवलाय फ्रान्समध्ये. मी स्वतः 'जपानी आरपीजी' लिहितो, तेही गेम जपानमध्ये बनला असेल तरच, आणि स्टोरीबद्दल बोलताना त्यात भूमिका घ्यायची आहे की वठवायची ते सरळ सांगून टाकतो.