सोलमध्ये आंबवलेल्या पदार्थांचा टेस्टिंग मेन्यू: शाकाहारी माणसाने जावं का?

रानजाई
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात नवऱ्याच्या कामासाठी आठ दिवस सोलला जातोय. त्याच्या तिथल्या सहकाऱ्याने एक रेस्टॉरंट सुचवलंय. आपण काही निवडायचं नाही, शेफ एकामागून एक दहा पदार्थ आणतो आणि जवळपास प्रत्येकात काहीतरी मुरवलेलं किंवा आंबवलेलं असतं. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. नवरा सगळं खातो. पैसे बरेच जाणार, म्हणून आधी विचारते. मासळी माझ्या ताटात येईल का? आणि अडीच तास आंबट-खारट खाऊन जिभेची चव जाणार नाही ना?

पाणवठा
मासळी नक्की येईल, आणि दिसणारही नाही. नेहमीच्या किमचीत, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या कोबी-मुळ्यात, सेउजॉत, म्हणजे खारवलेली बारीक कोळंबी, किंवा मासळीचा खारट अर्क असतो. किमची नुसती 'व्हेज' म्हणून मागितलीत तरी त्यात मासळी असण्यात समोरच्याला वावगं वाटत नाही.

माजघर
रानजाई, जरूर जा. मी सात वर्षं सोलजवळच्या सुवॉनला राहते आणि मीही शाकाहारी आहे.

अशा जेवणाला पहिल्यांदा गेले तेव्हा बुकिंग करताना 'शाकाहारी' एवढंच लिहिलं होतं. चौथ्या पदार्थाच्या सुपात सुक्या मासळीचा वास आला आणि माझा घासच अडला. नंतर कळलं, इथे सुपाचं पाणीच बहुतेकदा म्यॉलची उकळून करतात. आपल्या मांदेलीच्याच कुळातली छोटी मासळी ती. तेव्हा जॉतगाल (खारवून मुरवलेली मासळी), म्यॉलची, मासळीचा अर्क अशी नावं घेऊन 'नको' लिहा, तेही निदान आठवडाभर आधी. त्या स्वयंपाकघरात आयत्या वेळी काही बदलता येत नाही, सगळं महिनोन्‌महिने आधी घातलेलं असतं.

आता चवीचं. त्या जेवणातलं माझ्या कायम लक्षात राहिलेलं म्हणजे सुरुवातीला आलेल्या तीन चिमुकल्या वाट्या. तिन्हीत गांजांग, सोयाबीनचा खार. पहिला वर्षाचा: फिकट, मिठाची सरळ चव. याला चॉंगजांग म्हणतात. दुसरा तीन-चार वर्षांचा. तिसरा जिनजांग, पाच वर्षांच्या पुढचा: काळाभोर, दाट, काकवीची आठवण करून देणारा, खारटपणा मागे सरलेला. साहित्य तेच, सोयाबीन, मीठ, पाणी. फरक फक्त वर्षांचा. मी तो थेंब बराच वेळ जिभेवर धरून बसले होते.

करायची रीत अशी. सोयाबीन शिजवून, कुटून त्याच्या विटा थापतात, त्यांना मेजू म्हणतात. भाताच्या पेंढ्याने बांधून टांगतात. पेंढ्यातले जिवाणू आणि हवेतली बुरशी त्यांच्यावर वाढते. मग त्या विटा ओंगीत मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, वर कोळसा आणि सुक्या मिरच्या. दीड-दोन महिन्यांनी पाणी काढलं की ते गांजांग, उरलेला गोळा द्वेनजांग. ओंगी म्हणजे मातीचं मोठं मडकं. आपली चिनीमातीची बरणी दादरा बांधून बंद करतो, पण ओंगीच्या अंगातूनच हवा खेळते. जांग, म्हणजे असे आंबवलेले सोयाबीनचे पदार्थ, करण्याच्या या परंपरेला डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. किमजांग, म्हणजे हिवाळ्याआधी सगळ्यांनी मिळून किमची घालणं, 2013 पासूनच यादीत आहे.

आणि सगळं आंबट-खारट नसतं. सोलचे शेफ कांग मिन-गू यांच्या 'मिंगल्स'मधलं गाजलेलं गोड घ्या: द्वेनजांगचं क्रेम ब्रूले (वर साखर जाळलेलं कस्टर्ड), गांजांगमधले पेकान (अक्रोडासारखा सुका मेवा), गोचुजांग (आंबवलेल्या मिरचीचा लगदा) लावलेलं फुलवलेलं धान्य आणि सोबत व्हॅनिला आइस्क्रीम. 2025 मध्ये त्या रेस्टॉरंटला मिशेलिनचे तीन तारे मिळाले.

पाणवठा
घरात कुणाला गहू चालत नसेल तर विचारून घ्या. पारंपरिक गांजांग फक्त सोयाबीनचं असतं, पण बाजारातल्या पुष्कळ बाटल्यांत गहू असतो. बाजारच्या पुष्कळ गोचुजांगातही असतो.

रानजाई
माजघरताई, खूप आभार. गहू चालतो आम्हाला. पण त्यांनी मासळीशिवाय जमत नाही असं कळवलं तर?

माजघर
तर सोलमध्येच जोग्येसा या बौद्ध मंदिरासमोर 'बालू गोंगयांग' आहे, बौद्ध मठातलं जेवण. तिथे मासळी नाही, कांदा-लसूणही नाही, आपल्याकडे चातुर्मासात पाळतात तसंच. किमचीही तशीच करतात, आणि मला ती जास्त आवडते. लसूण नसल्यामुळे मुळ्याची आणि कोबीची स्वतःची चव कळते. तिथेही एकामागून एक पदार्थ येतात, बुकिंग आधी करा.

कुठेही गेलात तरी एक वाटी साधा गरम भात मागून घ्या. त्यांचं सर्वांत जुनं गांजांग असेल ते विचारा आणि दोन थेंब त्या भातावर घालून खा. परत आलात की इथे लिहा.