आडनावावर नोकरी? कोलंबस, इंडियानातून उत्तर

कोथरूड_ते_कोलंबस: "अमेरिकेतल्या मिडवेस्टच्या छोट्या गावांत सगळं आडनावावर चालतं, आपल्या मुलांनी तिथे राहू नये" ही परवाची पोस्ट वाचून राहवलं नाही. मी १४ वर्षं कोलंबसात आहे. पन्नास हजारांची वस्ती. १९१९ साली इथली इंजिनांची कंपनी कमिन्स ज्याच्या नावानं निघाली, तो क्लेसी कमिन्स बँकवाल्या अर्विनांचा ड्रायव्हर होता. कुठे आलं आडनाव?

मक्याचं_शेत: असहमत. घरचा ड्रायव्हर होता म्हणूनच डब्ल्यू. जी. अर्विननी पैसे घातले ना? परगावच्या मेकॅनिकला दारात तरी उभं केलं असतं? आणि १९३४ मध्ये कारभार कोणाकडे गेला? अर्विनांच्या भाचीच्या मुलाकडे, जे. अर्विन मिलरकडे. पंचविशीतला पोरगा!

कोथरूड_ते_कोलंबस: गेला, मान्य. पण त्याच मिलरच्या काळात कमिन्सच्या फाउंडेशननं गावातल्या शाळांसाठी आर्किटेक्टची फी भरली. आर्किटेक्ट आय. एम. पेईंनी बांधलेल्या वाचनालयासमोर शिल्पकार हेन्री मूरची कमान आहे, तिथे सायकल लावून माझी लेक रोज आत जायची. १९६२ ला पुण्यात किर्लोस्कर कमिन्स झाली, त्या वाटेनं किती मराठी घरं इथे आली! त्यांचं कोण होतं इथे?

अनघा_एचफोर: आलेल्या नवऱ्यांचं बोलताय. बायकांचं? पुण्यात सहा वर्षं डिझाईनमध्ये होते. इथे एच-४ व्हिसामुळे, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोच्या व्हिसामुळे, काम बंद. २०१५ नंतर परवानगी आली. शेजारच्या गावात एका छोट्या कारखान्यात मुलाखतीला गेले. पहिला प्रश्न, "इथे तुमचं कोण?" दुसरा, "चर्च कुठलं?" जागा सुपरवायझरच्या मेहुण्याला गेली. ड्रॉइंगची फाईल त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

कोथरूड_ते_कोलंबस: वाईट झालं. पण इतकी वर्षं घरी बसलात, तो दोष व्हिसाचा, गावाचा नाही.

अनघा_एचफोर: "घरी बसलात"? दोन मुलं, उणे वीसमध्ये गाडीवरचा बर्फ खरवडून शाळेत सोडणं, याला बसणं म्हणतात? शब्द मागे घ्या.

मक्याचं_शेत: +१. बायकांचा विषय निघाला की व्हिसाकडे बोट.

पुणेरी_पाटी: पुण्यात वेगळं आहे का? "कोणाचे तुम्ही?" विचारल्याशिवाय आपण भाड्यानं खोली तरी देतो?

अनघा_एचफोर: म्हणून इथलं बरोबर ठरतं का?

कोथरूड_ते_कोलंबस: अनघाताई, शब्द मागे घेतो. आणि एक लिहायचं टाळलं होतं. माझ्या बायकोला शाळेतलं बदली शिक्षिकेचं काम मिळालं, ते शेजारीणबाईंनी मुख्याध्यापकांकडे शब्द टाकला म्हणून. त्याआधीच्या तीन अर्जांना उत्तरही आलं नव्हतं.