ग्रेट निकोबार: कोण कोण जाऊन आलंय? अनुभव लिहा

अंदमानला जाऊन आलेला माणूस आता प्रत्येक सोसायटीत सापडतो. सेल्युलर जेल, हॅवलॉक, स्कूबा, झालं. पण टेन डिग्री चॅनेल ओलांडून पार दक्षिणेच्या टोकाला, ग्रेट निकोबारला किती जण गेलेत? नोकरीनिमित्त, फौजेतून, संशोधनासाठी, कसेही गेला असाल तर लिहा. प्राणी-पक्षी भरपूर येऊ द्या. दोन अटी: शोंपेन लोकांच्या (बेटावरच्या जंगलात राहणारे आदिवासी) कथा आणि फोटो नकोत, परवानगीशिवाय त्यांच्या राखीव भागात जाणंच बेकायदा आहे. आणि घरट्यांची नेमकी जागा सांगू नका.

कोल्हापूर (बदलीवर होतो)
प्रवासी विमान नाही. हेलिकॉप्टर आहे, पण त्यात आधी आजारी माणसं. म्हणजे पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) बोट. वाटेत कार निकोबार, कामोर्टा अशी बेटं घेत ती कॅम्पबेल बेला, म्हणजे ग्रेट निकोबारच्या मुख्य गावाला पोचते. टेन डिग्री चॅनेल म्हटलं की भूगोलाचा तास आठवतो, प्रत्यक्षात उलट्या आठवतात. मात्र डेकवर पडून राहिलात तर उडणारे मासे दिसतात. लाटेतून निघून पाण्याला समांतर असे लांबवर जातात की पहिल्यांदा मला पक्षीच वाटले.

पुणे (समुद्री कासवांवर काम)
ग्रेट निकोबारच्या गॅलेथिया उपसागराच्या वाळूवर लेदरबॅक कासवं अंडी घालतात, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मी आधी वेळासला ऑलिव्ह रिडले पाहिलेलं, त्यामुळे कासव म्हणजे काय ते माहीत आहे असा समज होता. रिडलेचं वजन चाळीसेक किलो. लेदरबॅकची मादी सहज तीन-चारशे किलोंच्या पुढे.

पहिल्यांदा कासव दिसत नाही, माग दिसतो. रिडले पुढचे पाय आळीपाळीने टाकतं. लेदरबॅक दोन्ही पर एकदम मारून स्वतःला पुढे ढकलतं, त्यामुळे वाळूत जवळजवळ दोन मीटर रुंद, दोन्ही बाजूंनी सारखा पट्टा उमटतो. अंधारात त्या पट्ट्याच्या कडेने चालायचं, टॉर्च बंद. मादी खड्डा खणत असताना लांबच बसायचं, कारण तेव्हा ती बिचकली तर अंडी न घालता परत जाते. मागचे पाय एकाआड एक आत जातात, ओंजळभर वाळू वर येते, बाजूला पडते. हे इतकं सावकाश चालतं की आमच्यातला एक जण चक्क घोरायला लागला.

अंडी पडायला लागली की मग लाल उजेडात जवळ जायचं. पाठीवर कवचाची तकटं नाहीत, चामड्यासारखी काळी कातडी आणि लांबीत सात उंचवटे. डोक्यावर गुलाबी डाग असतो, प्रत्येकीचा वेगळा. शंभरेक अंडी, शेवटी शेवटी बलक नसलेली बारकी. डोळ्यांतून पाणी गळत असतं. लोक म्हणतात प्रसूतीची वेणा, पण ते जादा मीठ बाहेर टाकणं आहे. मला खरं कारणच जास्त आवडतं. अंदमानातल्या काही माद्यांवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले होते, त्यातल्या काही ऑस्ट्रेलियाकडे गेल्या, काही आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे. आपण बोटीत ओकत होतो ते आठवून लाज वाटते.

डोंबिवली (पक्षीवेडा)
माझा मेगापोड. कोंबडीएवढा तपकिरी पक्षी, अंड्यावर बसतच नाही. किनाऱ्यालगतच्या झाडीत वाळू आणि पालापाचोळ्याचा ढिगारा रचतो, कुजण्याच्या उष्णतेवर अंडी उबतात. पिल्लू स्वतः उकरून बाहेर येतं आणि आईबापांची ओळखही न होता चालू लागतं. आमच्या वाटाड्याने बोट केलं तो ढिगारा मला आधी कचऱ्याचा वाटला होता. पक्षी दोन सेकंद दिसला. फोटोत फक्त पानं आहेत. निकोबार कबूतर मात्र नीट पाहिलं: हिरवी-तांबूस झळाळी, शेपूट पांढरीशुभ्र. डोडोचा सर्वांत जवळचा हयात नातलग.

सातारा
मी तिथलीच. 1969 पासून सरकारने माजी सैनिकांना तिथं जमिनी दिल्या. पंजाबी, तमिळ, तेलुगू, मल्याळी, तशी मराठी कुटुंबंही. आमचे आबा त्यातले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. तुम्ही ज्याला साहस म्हणता ते आमच्याकडे रोजचं होतं. नाल्यात पाय धुवायला उतरलं की आजी ओरडायची, मगर आहे म्हणून, आणि खरंच असायची. लांब शेपटीची माकडं नारळ काढून न्यायची, आबा त्यांना शिव्या मराठीतच द्यायचे.

इंदिरा पॉइंटचं दीपगृह 1972 चं. आबा तिथं चालत गेल्याचं सांगायचे. 26 डिसेंबर 2004 ला, भूकंप आणि त्सुनामीच्या दिवशी, जमीनच चार मीटरांहून जास्त खचली, आता पायथ्याशी समुद्र आहे. त्या दिवसाबद्दल मी इथं लिहिणार नाही.

नागपूर
गॅलेथियालाच ते मोठं बंदर होणार ना? मग कासवं?

पुणे
हो. तिथल्या अभयारण्याचा दर्जा जानेवारी 2021 मध्ये काढला, बंदर-विमानतळ-वसाहतीच्या प्रकल्पाला नोव्हेंबर 2022 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. मादी आपण जन्मलो त्याच भागातल्या किनाऱ्याकडे परत येते. दुसरीकडे जा असं तिला सांगता येत नाही.

सातारा
दवाखाना, कॉलेज, नियमित बोट आम्हाला हवी होती, आजही हवी आहे. मेनलँडवरून ‘बेट तसंच राहू द्या’ म्हणणं सोपं आहे. पण आम्ही मागितला होता दवाखाना, बंदर नव्हे.

ठाणे
जानेवारीत जायचा विचार आहे. परवानगीचं कसं?

कोल्हापूर
आदिवासी राखीव क्षेत्रासाठी पास आणि राष्ट्रीय उद्यानासाठी वनखात्याची परवानगी, दोन्ही निघण्याआधीच विचारा. परतीच्या बोटीची तारीख पक्की समजून पुढचं विमान काढू नका. मलेरियाचं डॉक्टरांना विचारून जा. पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या, किनाऱ्यावर सँडफ्लाय चावतात आणि आठवडाभर खाज जात नाही. खोबरेल फासून बसायचं आणि नखं कापून जायचं.