मदत हवी आहे: मुलीला कबड्डी खेळू द्यावं का?

मुलगी सातवीत आहे, शाळेच्या कबड्डी टीममध्ये निवड झालीय, प्रचंड खुश आहे. 2014 ला प्रो कबड्डी आली तेव्हापासून आमच्या घरात सगळेच बघतात, मलाही खेळ आवडतो पण अँकल होल्ड, थाय होल्ड (घोटा किंवा मांडी धरून केलेली पकड) बघितलं की तिच्या गुडघ्याच्या लिगामेंटची धास्ती वाटते, आणि डोकं आपटलं तर? शाळेत मॅट नाहीये, मातीचंच ग्राउंड, समोर तिच्यापेक्षा खूप थोराड मुली. सासूबाई म्हणतात मुलीच्या जातीला कशाला, ते मला अजिबात पटत नाही, काळजी फक्त दुखापतीची आहे. ज्यांची मुलं खेळतात त्यांनी प्लीज सांगा, नी कॅपने खरंच फरक पडतो का, पडायचं कसं हे कोच शिकवतात का, आणि डोक्याला मार लागला तर परत खेळायला कधी सोडता?