जुन्या शटरच्या टीव्हीला सेट-टॉप बॉक्स जोडायचा आहे: आतून एव्ही जॅक बसवून घ्यावा का?

नौपाडावासी, ठाणे (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी १९८० च्या दशकातला, लाकडी कॅबिनेटचा आणि सरकत्या शटरचा वीस इंची कृष्णधवल टीव्ही आहे. चॅनेल बदलण्यासाठी फिरवायचा खटका, त्याभोवती फाइन ट्यूनिंगची कडी, मागे अँटेनाची चपटी वायर आवळण्याचे दोन स्क्रू आणि दोन पिनांचा प्लग, एवढाच त्याचा संसार. केबलची वायर थेट टीव्हीला लागत होती तोवर तो उत्तम चालला. पुढे सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले, मुंबईत तर ऑक्टोबर २०१२ अखेरच, आणि छतावरच्या अँटेनावर येणारे दूरदर्शनचे अॅनालॉग प्रक्षेपणही नंतर थांबले. तेव्हापासून तो झाकून ठेवला आहे.

वडिलांची इच्छा आहे की सह्याद्री वाहिनी त्यांना याच टीव्हीवर दिसावी, आणि ती पूर्ण करावी असे मला मनापासून वाटते. एका स्थानिक मेकॅनिकने सुचवले की आतल्या व्हिडिओच्या सर्किटला तार जोडून मागे एव्ही जॅक (चित्र आणि आवाजाची वायर लावण्याचे छिद्र) बसवला की काम झाले. कॅबिनेटला भोक पाडण्याआधी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून विचारत आहे. हे करणे योग्य आहे का? नसेल तर दुसरा मार्ग कोणता?

निवृत्त तंत्रज्ञ, ऐरोली

कृपया हे काम करू देऊ नका. कॅबिनेट खराब होईल ही त्यातली किरकोळ बाब आहे. खरा प्रश्न जिवाचा आहे.

त्या काळातल्या पुष्कळ संचांमध्ये खर्च आणि वजन वाचवण्यासाठी संचाला घरच्या विजेपासून अलग ठेवणारा मेन्सचा ट्रान्सफॉर्मर वगळलेला असे. २३० व्होल्टचा पुरवठा थेट रेक्टिफाय केला जाई (एसीचे डीसी केले जाई) आणि त्याची एक बाजू चॅसीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेली असे. दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो; त्यामुळे चॅसीवर न्यूट्रल येणार की फेज, हे प्लग कसा खोचला यावर ठरते. एकदा टेस्टर पेटला नाही म्हणून चॅसी सुरक्षित आहे असे समजता येत नाही, कारण उद्या कोणी झाडताना प्लग काढून उलटा लावला की तीच चॅसी जिवंत होते. लाकडी कॅबिनेट, प्लास्टिकची बटणे आणि मागचे पुठ्ठ्याचे झाकण ही सारी व्यवस्था माणसाचा हात चॅसीपर्यंत पोहोचू नये यासाठीच होती. एव्ही जॅकची बाहेरची धातूची कडी म्हणजे चॅसीच. ती मागे बसवली की हाच विद्युतदाब बॉक्सच्या वायरीतून बॉक्सपर्यंत आणि तिथून डिशच्या केबलपर्यंत जातो, आणि गच्चीवर डिश सारखी करायला गेलेल्या माणसालाही झटका बसू शकतो.

अँटेनाच्या स्क्रूंची गोष्ट वेगळी आहे. तिथे सिग्नल आत जाण्याआधी अलगीकरणाचे, म्हणजे सिग्नल जाऊ देणारे पण मेन्सचा दाब अडवणारे, कपॅसिटर बसवलेले असतात. म्हणून सिग्नल तिथूनच आत न्यावा, संच ज्या वाटेने सिग्नल घेण्यासाठी घडवला आहे त्याच वाटेने. त्यासाठी आरएफ मॉड्युलेटर लागतो. बॉक्सची पिवळी आणि पांढरी पिन त्यात लावायची. तो चित्र आणि आवाज एका टीव्ही चॅनेलवर चढवून देतो. घेताना दोन गोष्टी आवर्जून पाहा. एक, तो व्हीएचएफ पट्ट्यात, म्हणजे आपल्या खटक्यावरच्या दोन ते बारा यांपैकी एखाद्या चॅनेलवर सिग्नल देणारा असावा. केवळ यूएचएफ या त्याहून वरच्या पट्ट्यावर चालणारा मॉड्युलेटर आपला ट्यूनर पकडणार नाही. दोन, त्यावर पाल बी-जी (आपल्याकडच्या टीव्ही प्रक्षेपणाची पद्धत) असा उल्लेख असावा. मॉड्युलेटरची गोल केबल ७५ ओहमची आणि आपले स्क्रू ३०० ओहमच्या चपट्या वायरीसाठी, म्हणून मध्ये छोटा बालून (या दोन वायरींची जुळणी करणारा जोड) लावावा. मॉड्युलेटर आणि बालून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला शोधल्यास मिळतात.

इतकी वर्षे बंद असलेला संच थेट प्लगमध्ये लावू नका. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर विजेविना पडून राहिले की त्यांचा आतला थर दुर्बळ होतो आणि एकदम पूर्ण दाब आला की ते फुटू शकतात. १०० वॅटचा, तापणाऱ्या तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) सिरीजमध्ये, म्हणजे वीज आधी बल्बमधून आणि मग संचात जाईल असा, लावून सुरुवात करावी. बल्ब आधी भडकून मग मंदावला तर ठीक. लख्ख पेटलाच राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजून ताबडतोब बंद करावे. हे काम, आणि मागचे झाकण उघडण्याचे कोणतेही काम, माहितगारानेच करावे, कारण पिक्चर ट्यूबवर पंधरा हजार व्होल्टच्या घरात दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो बराच काळ टिकून राहतो.

नेरूळकर

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. बॉक्सविषयी थोडे सांगतो.

केवळ सह्याद्री आणि दूरदर्शनच्या इतर वाहिन्या पाहायच्या असतील, तर दरमहा पैसे भरण्याची गरज नाही. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली दूरदर्शनची सेवा आज डीडी फ्री डिश म्हणून चालते. एकदा डिश आणि बॉक्स घेतला की मासिक शुल्क नाही. बॉक्स विकत घेताना मागे पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन छिद्रे आहेत याची खात्री करा. केवळ एचडीएमआय असलेला बॉक्स घेतल्यास मध्ये आणखी एक कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि जितके डबे वाढतात तितक्या बिघाडाच्या जागाही वाढतात.

ही सेवा जीसॅट-१५ उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरून येते. ठाणे-नवी मुंबईतून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर असतो. इतक्या उंचीमुळे पारसिकच्या डोंगराची अडचण होत नाही. अडचण होते ती समोर उभ्या राहिलेल्या टॉवरची आणि आपल्याच वरच्या मजल्याच्या छज्जाची. आपल्या घराला आग्नेयेकडे उघडी खिडकी नसेल तर गच्चीवर डिश लावण्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी आधीच घ्यावी.

नौपाडावासी, ठाणे

दोघांचेही मनःपूर्वक आभार. जॅक बसवण्याचा विचार सोडून दिला. एका परिचित, अनुभवी मेकॅनिकने सिरीज बल्बवर संच सुरू केला, दोन कपॅसिटर बदलले आणि लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या (पिक्चर ट्यूबचा उच्च दाब तयार करणाऱ्या भागाच्या) पायांचे ड्राय, म्हणजे सैल झालेले, सोल्डर पुन्हा भरून दिले. फ्री डिशचा बॉक्स आणि मॉड्युलेटर लावल्यावर खटका चारवर ठेवून, फाइन ट्यूनिंग थोडे खाली फिरवले असता चित्र अगदी स्वच्छ आले. मात्र दोन अडचणी आहेत. आवाजाच्या जागी फक्त खरखर ऐकू येते, आणि बातम्यांच्या खालच्या पट्टीची दोन्ही टोके कापली जातात. मॉड्युलेटरवर तीन आणि चार असे दोनच चॅनेल लिहिलेले आहेत. पाल बी-जी असे लिहिलेला दुकानात नव्हता.

निवृत्त तंत्रज्ञ, ऐरोली

आपण दिलेल्या वर्णनावरून तो मॉड्युलेटर अमेरिकी पद्धतीचा आहे. त्यांच्या तीन क्रमांकाच्या चॅनेलचे चित्र ६१.२५ मेगाहर्ट्झवर असते आणि आपल्या चार क्रमांकाचे ६२.२५ वर, म्हणूनच फाइन ट्यूनिंग जरासे खाली नेताच चित्र सापडले. आवाजाचे मात्र तसे जमत नाही. आपल्या पद्धतीत आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झ अंतरावर असतो आणि त्यांच्याकडे ४.५ वर. संचातील आवाजाचे सर्किट ५.५ लाच बांधलेले असल्याने कडी कितीही फिरवली तरी खरखरच येणार. ते सर्किट बदलण्याचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नकार द्यावा. त्यात जुन्या संचाची मूळ जुळणी बिघडते आणि चित्रातही जाळी उमटू लागते.

बी-जी मॉड्युलेटर मिळेपर्यंत सोपा उपाय असा, की बॉक्सच्या लाल आणि पांढऱ्या पिना छोट्या अॅम्प्लिफायर असलेल्या स्पीकरला लावाव्यात, तो कॅबिनेटच्या मागे ठेवावा आणि टीव्हीचा आवाज शून्यावर आणावा. वडिलांना ऐकायला कमी येत असेल तर हीच व्यवस्था कायम ठेवणेही चांगले, कारण आवाज बॉक्सच्या रिमोटवरून हवा तसा वाढवता येतो.

कापली जाणारी पट्टी हा बिघाड नाही. वाहिनी १६:९ आकारात येते आणि पडदा ४:३ आहे. बॉक्सच्या सेटिंगमध्ये पडद्याचा आकार ४:३ आणि चित्राची पद्धत लेटरबॉक्स अशी निवडली की वर-खाली काळी पट्टी येईल, पण बातम्यांची ओळ बहुतांशी पूर्ण दिसेल. तिथेच व्हिडिओ पद्धत पाल आहे ना, तेही पाहून घ्या; ती एनटीएससी या अमेरिकी पद्धतीवर गेली तर चित्र वर-खाली फिरू लागते आणि लोक विनाकारण व्हर्टिकल होल्डचे (फिरणारे चित्र स्थिर करण्याचे) बटण पिळत बसतात.

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत धूळ ओलावा धरते आणि पिक्चर ट्यूबच्या रबरी टोपीभोवती चरचर आवाज येऊ लागतो. तसा आवाज किंवा ओझोनचा उग्र वास आला तर संच लगेच बंद करून त्याच मेकॅनिककडून टोपीची जागा स्वच्छ आणि कोरडी करून घ्यावी. जून ते सप्टेंबर संच आठवड्यातून एक-दोनदा तरी तासभर चालू ठेवावा.